गाळलेलं पान

सोनाटाच्या संथ भागात राडेकनं एक अख्खं पान गाळलं, तेव्हा दोनशे माणसांत ते तिघांनाच कळलं. चेलो वाजवणाऱ्या खुद्द राडेकला, पियानोवर बसलेल्या यार्मिलाला आणि पाचव्या रांगेतल्या तिच्या नवऱ्याला, बोहुमिलला.

राडेक समोर कागद न ठेवता, तोंडपाठ वाजवत होता. त्या भागात एकच सुरावट दोनदा येते. पहिल्यांदा ती पियानोकडे जाते आणि चेलो पानभर गप्प बसतो. दुसऱ्यांदा चेलोच तिला शेवटाकडे नेतो. राडेक पहिल्याच वेळी शेवटाच्या वाटेला लागला. यार्मिलाचे हात पट्ट्यांवर उतरत होते, ते तिनं हवेतच थांबवले. राडेकचा गजही थबकला आणि एक श्वास जाईल एवढी शांतता पडली. मग झटकन पान उलटून तिनं डाव्या हाताचा एक खोल सूर ठेवला आणि राडेकला गाठलं.

बोहुमिलनं पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्यानं ओस्त्राव्याच्या ट्राम डेपोत तीस वर्षं काढली होती, नोटेशन त्याला वाचता येत नव्हतं. पण ते पान त्यानं सगळा हिवाळा स्वयंपाकघरात बसून भिंतीपलीकडून ऐकलं होतं. आधी एका हातानं, मग दुसऱ्यानं, मग दोन्हींनी. रात्री यार्मिला मनगट गरम पाण्यात धरून बसायची, तेही त्या पानापायीच. शेजारच्या खुर्चीतली बाई रुमालानं डोळे टिपत होती. तो रुमाल हिसकावून घ्यावा असं त्याला वाटलं.

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. बोहुमिल बसून राहिला.

नंतर बाजूच्या दालनात वाइन होती, अंडं आणि लोणच्यातली काकडी लावलेले पावाचे तुकडे होते. सगळे राडेकभोवती. वर्तमानपत्रात संगीतावर लिहिणारे डॉक्टर स्क्रिवानेक ग्लास हातात धरून म्हणाले, "ती मधली शांतता! हा सोनाटा मी वीसेक वेळा तरी ऐकलाय. त्या जागेवर एवढं धाडस कुणी केलं नव्हतं. ठरवून केलंत?"

राडेक बुटांकडे बघत म्हणाला, "त्या क्षणी सुचलं."

"वा." डॉक्टर यार्मिलाकडे वळले. "आणि बाई, तुमची साथही छान. कुठं पुढं पुढं केलं नाहीत."

"आभारी आहे," यार्मिला म्हणाली.

बोहुमिलनं ग्लास टेबलावर ठेवला.

"सुचलं नाही ते," तो म्हणाला. "चुकलं."

आसपासची माणसं वळून बघू लागली. डॉक्टर हसले. "म्हणजे?"

"म्हणजे पियानोचं एक पान होतं तिथं. यानं ते खाल्लं. ही वेळेवर थांबली नसती, तर तुम्हाला शांतता नाही, गोंधळ ऐकू आला असता. वीस वेळा ऐकलंत म्हणता, आणि पान गेलं ते कळलं नाही?"

राडेकचे कान लाल झाले. कुणीतरी म्हणालं, "नवरे मंडळी!" आणि दोघंतिघं हसले. डॉक्टर हसले नाहीत.

"बोहुमिल," यार्मिला म्हणाली, "माझा कोट आण."

ट्रामच्या थांब्यापर्यंत ती झपझप चालत गेली. फेब्रुवारीचं फिकट ऊन होतं, दुपारचा एक वाजला होता. तो दोन पावलं मागून चालत होता.

"बोल की काहीतरी," तो शेवटी म्हणाला.

"काय बोलू? तो सव्वीस वर्षांचा आहे. उद्या पेपरात त्याचं नाव येईल ते चुकला म्हणून येईल."

"त्यानं खोटं सांगितलं. सगळ्यांदेखत. तुझं पान गेलं आणि हा म्हणतो सुचलं."

"माझंच होतं ना? मग त्याचा राग मला करू दे." तिचा आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "दोनशे माणसांना काही कळलं नाही, हे मी केलं होतं. आज माझ्या हातून सगळ्यात अवघड काही झालं असेल तर तेच. तू ते एका वाक्यात मोडलंस."

"मी तुझ्या बाजूनं बोललो."

"मला विचारून?"

तेवढ्यात पाठीवर चेलोची पेटी घेऊन राडेक धावत आला. कोटाची बटणं उघडीच होती.

"यार्मिलाबाई, मी डॉक्टरांना खरं सांगितलं. चुकलं म्हणून."

"मग?"

"त्यांना वाटलं, मी विनयानं म्हणतोय."

यार्मिलानं त्याच्याकडे नीट बघितलं. "शनिवारी ब्रनोला हेच वाजवायचंय. गुरुवारी दहाला घरी ये. चेलो आणू नकोस."

"चेलो नको?"

"खुर्ची देईन. ते पान मी वाजवीन आणि तू ऐकशील. मला वाटेल तितक्या वेळा."

राडेकनं मान हलवली आणि तो थांब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. ट्राम आली. पायरी उंच होती, म्हणून बोहुमिलनं नेहमीसारखा हात पुढे केला. तिनं दांडी धरली.

"आणि तू गुरुवारी दहाला घरात नसशील," ती म्हणाली आणि चढली.