पाखऱ्याच्या पोटातलं

"आली पुन्हा. ह्या बाईला दुसरं कामच न्हाई," दवाखान्याचा शिपाई किसनराव दाराआड पुटपुटला.

चंदाबाईंनी ऐकलं. गुडघे गेले होते, कान शाबूत होते. हट्टा गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात त्या वर्षभर दर महिन्याला यायच्या, बाकावर बसायच्या, 'रिपोर्ट आला न्हाई' हे किसनरावाकडून ऐकायच्या आणि परत जायच्या.

मागच्या पोळ्याला त्यांनी पाखऱ्या बैलाला स्वतःच्या हातानं पुरणपोळ्या भरवल्या होत्या. साऱ्या गल्लीनं आणून दिलेल्या, टोपलंभर. दुसऱ्या दिवशी बैल फुगला, तिसऱ्या दिवशी गेला. निदान पोटभर खाऊन गेला, एवढंच त्यांचं समाधान.

बैलाचं पोट फाडून डॉक्टरांनी नमुने शहरात पाठवले. त्या संध्याकाळी चंदाबाईंच्या लेकानं, भागवतनं, मान खाली घालून सांगितलं, की दावं सुटून पाखऱ्या आपल्या बीटी कापसात शिरला होता. ज्या पानानं अळी मरते ते पान त्यानं ओरबाडलं. हे बियाणं आणू नको, असं चंदाबाई पेरणीआधीपासून सांगत होत्या. त्या दिवसापासून त्या लेकाशी बोलल्या नाहीत. महिनाभर वाट बघून तो पुण्याला कंपनीत कामाला गेला.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. त्या वाजू द्यायच्या. वाजायचा थांबला की पदरानं पुसून फडताळात ठेवायच्या. भाकरी मात्र अजूनही दोघांपुरत्या थापायच्या. एकटीसाठी चूल पेटवायची लाज वाटायची.

पुन्हा पोळा दोन दिवसांवर आला होता. कापसाचा दोष नाही असं निघालं तर फोन उचलायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

दवाखान्यात आठवड्यापूर्वी नव्या डॉक्टरीण आल्या होत्या, प्रतिक्षा मॅडम. फाईल सापडत नाही, असं किसनरावानं त्यांनाही सांगून बघितलं. मॅडमनी कपाट उघडून ती स्वतःच काढली.

चंदाबाईंनी आधी कापसाच्या जहराचं विचारलं. मॅडमनी नीट समजावलं. मातीतल्या एका जंतूचं ते जहर. अळीच्या आतड्याला चिकटतं आणि भोकं पाडतं. गाईच्या आतड्याच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावरही ते टाकून बघितलंय. पेशींना काही झालं नाही. अळीच्या पोटात त्याला जशी चिकटायला जागा मिळते, तशी तिथं सापडतच नाही.

"मंग माझ्या लेकाचा कसूर न्हाई?"

"नाही, मावशी."

चंदाबाईंनी पिशवीतून फोन काढला. सांजच्या गाडीला बसला तर पोळ्याला पोचंल, असं त्या स्वतःशीच बोलल्या.

मॅडम अजून कागद वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"मॅडम, ऱ्हाऊ द्या तेवढं," किसनराव म्हणाला.

"काहून ऱ्हाऊ द्या?" चंदाबाईंनी विचारलं. "वाचा, बाई. वर्ष झालं मला येऊन."

मॅडमनी हळू आवाजात वाचलं. पोटात आंबलेली कणीक, पुरण, गूळ. एवढं गोड एकदम गेलं की जनावराच्या पोटात आम्ल होतं, ते रक्तात भिनतं आणि जनावर जातं. कापसाचं पान एकही नाही.

चंदाबाईंनी फोन मांडीवर ठेवला.

"पण भागवतनं तर सांगितलं मला," चंदाबाई म्हणाल्या. "कापसात शिरला म्हणून."

किसनराव पुढं आला आणि वर्षात पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसला.

"पाखऱ्या कापसात गेलाच नव्हता, काकू. पोट फाडलं तवा भागवत म्होरंच हुबा होता. समदं बघितलं त्यानं. माझे पाय धरून म्हणला, मायला कळलं तर ती जगायची न्हाई. माझ्यावर चिडून ऱ्हाऊ द्या तिला."