हलकं बटण

श्रीकांतने पितळी पट्टी चिमट्याने केसभर वाकवली, बटण जागेवर बसवलं आणि त्यावर हलकेच फुंकर मारली. टक्. आतला रिलेचा खटका वाजला आणि पडद्यावरच्या विमानाने गोळी झाडली.

"बघ जयू! नुसत्या फुंकरीने चालून राहिलंय."

खुर्चीत उशांना टेकून बसलेली जयू हसली. वासंतीने लेकीचा उजवा हात उचलला आणि बोट बटणावर ठेवलं. हात उचलणं जयूला आता स्वतःहून जमत नव्हतं. इंदूरच्या डॉक्टरांनी स्नायूंच्या या आजाराचं नाव सांगितलं होतं, औषध काही सांगितलं नव्हतं.

मशीन फ्रीगंजमधल्या बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरचं. टीव्हीला जोडायचे गेम घरोघरी आले, मग पार्लरमध्ये कोण जाणार? श्रीकांतने हे कपाटाएवढं धूड हातगाडीवर घालून घरी आणलं तेव्हा वासंतीने कपाळाला हात लावला होता. त्याने नाणी टाकायची पेटी उपटून काढली, जळक्या सर्किटच्या जागी टीव्हीचा गेम बसवला आणि खालून करवत चालवून ते जयूच्या खुर्चीच्या उंचीला आणलं. विमान आपलं आपण पुढे जायचं, जयूने फक्त गोळी झाडायची. पण पार्लरमध्ये पोरांचे गुद्दे खाल्लेली ती बटणं तिच्या बोटाला कुठली दबायला! म्हणून त्याने एक्सचेंजच्या भंगारातल्या पट्ट्या आणि रिले आत बसवले. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तो मेकॅनिक होता. बोट अडलं की तो मशीन खोलायचा आणि पट्टी आणखी हलकी करायचा. ही तिसरी खेप. मशीन खोललं की त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे, आणि मनासारखं जमलं नाही की तो मागच्या अंगणात जाऊन रडायचा. दोघी मायलेकींना ते ऐकू यायचं.

"तू खेळ. मी बाहेर बसतो, समोर बसलो की तुला उगीच टेन्शन," असं म्हणून तो ओट्यावर आला.

ओट्यावर बापू बसले होते. एक्सचेंजमधले जुने सोबती.

"काय भिया, झालं का तुझं इंजिन चालू?"

"झालं. आता नुसतं ऐका."

आतून टक् आलं. बऱ्याच वेळाने आणखी एक टक्.

पाहण्यापेक्षा ऐकण्यावर या दोघांचा भरवसा जास्त. जुन्या एक्सचेंजमध्ये ते रॅकच्या रांगांमधून नुसते चालत जायचे आणि खटखटीवरून कुठला स्विच आजारी आहे ते ओळखायचे. झाकण नंतर उघडायचं. मग नवं इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज आलं. ते मुकं. तेव्हापासून दोघांच्या कानांना काम उरलं नव्हतं.

आतला आवाज थांबला.

"पट्टी सरकली वाटतं," श्रीकांत अर्धवट उठला. तेवढ्यात टक् आलं. मग टक् टक्. मग एकामागोमाग एक, भरभर.

"बापू! ऐकताय ना?" त्याने बापूंचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते, पण आज ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. "डॉक्टर म्हणतात, हात जाणार. मी म्हणत होतो की नाही? दोष हाताचा नव्हताच. पट्टीच जड होती."

बापूंनी मान खाली घालून थोडा वेळ ऐकलं.

"जाऊन पाठ थोपटतो तिची," श्रीकांत उठत म्हणाला.

"अरे छोड ना यार," बापू घाईने म्हणाले. "बस इथे. आरामात खेळू दे पोरीला."

पण तो कशाचा थांबतोय! अनवाणीच आत गेला आणि खोलीच्या दाराचा पडदा त्याने बाजूला केला.

जयूचा हात उशीवर उताणा पडला होता. वासंती खुर्चीला चिकटून खाली बसली होती आणि तिचं कणीक लागलेलं बोट बटणावर होतं. दोघींची पाठ दाराकडे होती.

"आई, हळू ना," जयू कुजबुजली. "एवढं फास्ट मला येत नाही. बाबांना लगेच कळेल."

"थांबलं की ते उठतात गं. पुन्हा सगळं खोलून बसतील."

"एकदम नको थांबू. जरा जरा थांबत कर. मी थकते ना, तसं."

श्रीकांतने पडदा सोडला. आवाज होणार नाही अशा बेताने तो ओट्यावर परत आला आणि बसला. बापूंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि रस्त्याकडे तोंड फिरवलं.

आतून टक् आलं. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

श्रीकांतने घसा साफ केला आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वा जयू! आता बरोबर जमलं!"