विसर्जनाआधी
आमचा पंचांगाचा प्रोग्राम पास्कल या संगणकाच्या भाषेच्या नव्या आवृत्तीत लिहून झाला. जुन्या पास्कलवर आता रामघाटावरची एकच पाठशाळा उरली. तिथल्या गुरुजींनी स्वतःची गणितं जुन्यात लिहिली होती. नव्यात ती चालत नव्हती. "बस, जुनं आजपासून बंद," मालक यज्ञेशदादा म्हणाले. "एका ग्राहकासाठी सगळं दोनदा का लिहायचं? जुन्या प्रोग्रामची ती फ्लॉपी गंगेत सोड." "तुमच्या घरी जीर्ण पोथी गंगेत कधी सोडतात?" मी विचारलं. "नक्कल करून, ताडून पाहिल्यावर." "मग गुरुजींची गणितं नव्यात उतरवते. दोन्हींची उत्तरं जुळली की जुनं बंद. त्याआधी नाही." "दुकान माझं आहे, ऋता. फ्लॉपी दे." त्यांनी हात पुढे केला. मी त्यावर माझ्याकडची दुकानाची किल्ली ठेवली आणि फ्लॉपी घेऊन घाटाघाटाने रामघाटाकडे निघाले. उजव्या हाताला गंगा होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.