चौथं बटण

“तो बघा आमचा डॉक्टर,” शिंपी मास्तरांनी मागची खिडकी खाडकन उघडली. “त्याच्या दवाखान्याचा पत्रा दिसतो इथून. आणि तुमच्या यंत्राच्या मते तो बाहेरगावी राहतो.”

लाइनमनने मान वर केली नाही. भिंतीजवळ उकिडवा बसून तो तारेचं टोक सोलत होता. टेलिफोन ऑफिसातून माणूस यावा म्हणून मास्तर तिथे जाऊन पुन्हा पुन्हा भांडले होते, आणि आता आला तर हा तोंडात मिठाची गुळणी धरून. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राग उगीच नव्हता. मास्तर दुकानात असताना त्यांची बायको स्वयंपाकघरात घसरून पडली होती. घोटा मोडला. सरपटत ती फोनपाशी आली आणि डॉक्टरचं बटण दाबलं. आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, या फोनवरून बाहेरगावचे कॉल बंद आहेत. बहिणीचं बटण दाबलं, तर तीच बाई. दुकानाचं दाबलं, तरी तीच. संध्याकाळी मास्तर घरी आले तेव्हा ती फरशीवर भिंतीला टेकून बसली होती.

बाहेरगावचे कॉल मास्तरांनीच बंद करून घेतले होते, हे खरं. दूरच्या शहरात नोकरीला असलेला मुलगा म्हणाला होता, तुम्ही कशाला करता, मीच करत जाईन. पण म्हणून काय मागच्या गल्लीतला डॉक्टर बाहेरगावचा? “काखेत कळसा आणि गावाला वळसा,” मास्तर ऑफिसात टेबलावर हात आपटून बोलले होते. काउंटरवरच्या बाबूने आधी कानांवर हात ठेवले. मग विचारलं, “फोन बदलून पाहिलात का?”

“फोनला काय धाड भरलीय? माझ्या मुलाने पाठवलाय तो. नवा कोरा.”

पाठवला होता खराच. आईला बारीक आकडे दिसत नाहीत म्हणून चार मोठ्या बटणांचा. नंबर त्याने तिकडेच, आपल्या टेबलावर बसून भरले होते आणि प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी चिकटवली होती. डॉक्टर, मावशी, दुकान, घर. स्वतः यायला काही जमलं नाही, पार्सल आलं. इथे नुसती वायर खोचायची. कपडे शिवायला टाकणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाला मास्तरांनी हे सांगितल्याशिवाय सोडलं नव्हतं.

प्लास्टरातला पाय उशीवर ठेवून बायको पलंगावरून सगळं ऐकत होती. पडल्यापासून तिचं एकच पालुपद होतं, भाड्याची जागा शोधणाऱ्या त्या नर्सबाईंना वरची खोली देऊ या. त्या रात्रपाळी करतात, दिवसा घरी असतील, हाकेला माणूस होईल. मास्तर दाद देत नव्हते.

“खोली रिकामी नाही,” ते म्हणायचे. “मुलाची आहे. येणार आहे तो परत. आणि फोन आहे ना? तो एकदा नीट झाला की मिटलं.”

खोलीत मुलासाठी नवं कपाटही करून ठेवलं होतं. त्याची दारं आता कुरकुरायला लागली होती.

लाइनमनने आपला चाचणीचा फोन तारेला जोडला आणि डॉक्टरचा नंबर एकेक आकडा दाबून लावला. लगेच घंटी वाजली.

“लाइन ठणठणीत आहे, मास्तर.”

“मग इथे काय भूत बसलंय?”

लाइनमनने घरचा फोन पुढ्यात ओढला, डॉक्टरचं बटण दाबलं आणि छोट्या पडद्यावर बोट ठेवलं. “हे बघा. नंबराच्या आधी आपल्याच गावाचा कोड लागतोय. यंत्राला वाटतं, कॉल बाहेरगावचा आहे.” त्याने पुढची दोन बटणं दाबली. तिथेही तेच.

“घाईत भरले असतील,” मास्तर फणकारले. “कामाचा माणूस आहे तो.”

“असेल. पण हे चौथं कशाला? घरातून घरी फोन?”

मास्तरांना ठाऊक नव्हतं. घरात बसून घराचं बटण कोण कशाला दाबेल? लाइनमनने दाबलं. या वेळी ती बाई आलीच नाही. फोन सरळ वाजला आणि कुणीतरी उचलला.

“लाकडाची वखार,” पलीकडून जाड आवाज आला. “बोला.”

लाइनमनने फोन ठेवला आणि हसला. “एवढा एकच गावातला म्हणून लागला, आणि तोही भलतीकडेच. याला कोडच नाही. कुणाचा नंबर हा?”

मास्तर चष्मा सावरत वाकले. आकडे पाठ होते. दर रविवारी मुलाचा फोन आला की पडद्यावर हेच आकडे यायचे, फक्त त्यांच्या आधी त्या शहराचा कोड असायचा. मुलाच्या तिकडच्या फ्लॅटचा नंबर.

माप कुणाच्या अंगाचं घेतलंय, हे शिंप्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मुलाच्या त्या टेबलावरून डॉक्टर बाहेरगावी होता, मावशी बाहेरगावी होती, बापाचं दुकान बाहेरगावी होतं. कोड न लावता पोचता येईल अशी एकच जागा होती, आणि तिच्याखाली मुलाने आपल्या हाताने लिहिलं होतं, घर.

“कोड काढून टाकतो तिन्हींचे,” लाइनमन म्हणाला. “आत्ता होईल.”

“काढा.” मास्तरांचा चढलेला आवाज पार खाली आला होता. “चौथ्याला मात्र लावा. त्या शहराचा.”

“मग तो लागणार नाही, मास्तर. बाहेरगावचे बंद आहेत तुमचे.”

“माहीत आहे मला.”

खुंटीवरून त्यांनी वरच्या खोलीची किल्ली काढली आणि बायकोच्या हातात ठेवली.

“त्या नर्सबाईंना बोलावून घे,” ते म्हणाले. “सांग, खोली रिकामी आहे.”