भारोभार

विश्वासरावांनी साइडकारमध्ये वाकून पाहिलं आणि आत हात घालून चाचपलं.

मोटारसायकल अंगणात उभी होती. मागे रावटी आणि घोंगड्या करकचून बांधल्या होत्या. पेट्रोलचे डबे, कंदील, तवा, शिधा, गवसणीत घातलेली दुनळी बंदूक. मोहन्याला पहिला मुक्काम, मग शिवपुरीचं रान, पुढं गुणा. बारा दिवसांचा संसार महिपतरावांनी दोन चाकांवर रचला होता. तिसऱ्या चाकावरच्या साइडकारमध्ये मात्र काहीच ठेवलं नव्हतं.

"महिपत, ही सीट खाली आहे," विश्वासराव म्हणाले.

सुलोचनाबाई दशम्यांचा डबा घेऊन पायरीवर उभ्या होत्या. माहेर कोल्हापूरचं. अठरा वर्षं ग्वाल्हेरात काढूनही नवऱ्याच्या किंवा त्याच्या दोस्ताच्या तोंडून 'खाली' ऐकलं की त्या विचारायच्या, "खाली म्हणजे कुठं? आमच्याकडे रिकामी म्हणतात." आज त्यांनी विचारलं नाही.

"अशीच नेलीस तर डाव्या वळणाला चाक उचलेल. उलटशील. वाळूचं एखादं पोतं टाक. अंदाजे मणभर."

"अंदाजे नको," महिपतराव म्हणाले. "एक मण आठ शेर."

हा आकडा तिथं तिघांनाही पाठ होता. पंधरा वर्षांची पोर शिकारीला कशाला, असं भाऊबंद विचारत, तेव्हा महिपतराव मिशीत हसून सांगायचे, "शिकारीला कोण नेतंय? गाडी उलटू नये म्हणून वजन नेतोय." कुसुमनं ते मनावर घेतलं. गेल्या दसऱ्याला धान्याच्या काट्यावर बसून तिनं स्वतःला तोलून घेतलं आणि इंदरगंजभर ऐकवत घरी आली, "एक मण आठ शेर! आबा, आता बघते चाक कसं उचलतं ते." झुडपातला तित्तर आबांच्या आधी या वजनालाच दिसायचा, हे मात्र भाऊबंदांना कुणी कधी सांगितलं नाही. श्रावणात विषमज्वरानं ती गेली.

वाळूचा ढीग मागच्या भिंतीपाशी होता. विश्वासरावांनी पोत्याचं तोंड धरलं, महिपतराव फावड्यानं भरू लागले.

"शेवटी तीस शेरांचीसुद्धा राहिली नव्हती," सुलोचनाबाई पायरीवरून म्हणाल्या.

फावडं थांबलं.

"मला ती कुसुम नाही न्यायची," महिपतराव म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "मला माझी न्यायचीय. हसणारी, धडधाकट." पंचवीस वर्षं रिसाल्यात काढलेला माणूस वाळूकडे बघत ढसाढसा रडला. विश्वासराव पोतं सोडून त्यांच्याजवळ जाऊ शकले असते, पण त्यांनी पोत्याचं तोंड आणखी घट्ट धरलं.

सुलोचनाबाई डबा पायरीवर ठेवून आत गेल्या. परत आल्या तेव्हा पाठीचा कणा मोडावा इतकं वाकून, जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी ओढत आणत होत्या.

"ओता ती वाळू."

विश्वासराव धावले. गाठ सोडली तर आत गूळ. दहा-दहा शेरांच्या चार ढेपा आणि एक तोडून घेतलेला तुकडा.

"वहिनी, इतका गूळ?"

"देवीला बोलले होते. पोर उठून बसली की तिच्या भारोभार गूळ वाहीन." सुलोचनाबाई विश्वासरावांशी नाही, नवऱ्याशी बोलत होत्या. "नवसाचं आधी घरात आणू नये म्हणतात. मी आणला. आणला तोही एक मण आठ शेर. म्हटलं, उठेल तेव्हा अंग भरलेलं असेल."

"मला बोलली नाहीस."

"काय बोलणार?"

श्रावणापासून तो गूळ कोठीत पडून होता. देवीला वाहता येत नव्हता, घरात कुणाच्या घशाखाली उतरला नसता. मुंग्यांनी तेवढा आपला वाटा सोडला नव्हता.

महिपतरावांनी पोतं ओतून टाकलं. लुगडं पुन्हा बांधून दोघांनी ते साइडकारमध्ये, कुसुमच्या जागेवर ठेवलं. कुसुम कमरेला बांधायची तो सीटचा पट्टा महिपतरावांनी त्यावरून घेतला. वजन तेवढंच होतं, पण पट्टा सैल पडला. दोन भोकं पुढं घ्यावा लागला.

"मुक्कामाला गावची पोरं जमतात ना गाडीभोवती?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "त्यांना वाटा."

"वाटत गेलो तर साइडकार हलकी होईल."

"होईलच. पण एकदम नका वाटू." त्यांनी दशम्यांचा डबा गाठोड्याशेजारी खोचला. "थोडा थोडा वाटा."

महिपतराव "येतो" म्हणाले. विश्वासराव बरोबर चालले होते; त्यांची गाडी बाहेर उभी होती, तीही सुरू झाली.

फाटकातून बाहेर पडलं की रस्ता लगेच डावीकडे वळतो. त्या वळणावर कुसुम दर वेळी बाहेर झुकून ओरडायची, "आबा, और तेज!" आणि सुलोचनाबाई फाटकातून ओरडायच्या, "अहो, हळू!"

आज त्या फाटक धरून उभ्या होत्या. महिपतराव वळणाशी आले आणि त्यांनी वेग वाढवला.

सुलोचनाबाई नवऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या साइडकारच्या चाकाकडे बघत होत्या. चाक उचललं नाही.