डावी बाजू

डबा बंद करता करता चारुलताबाईंचा हात थांबला. वरण झालं, भात झाला, बटाट्याची भाजी झाली, घडीच्या पोळ्या फॉइलमध्ये गेल्या. पण पानाची डावी बाजू? ती कोरडी ठणठणीत.

"आई, जेवढं ऑर्डर केलंय तेवढंच द्यायचं असतं," सून ऋजुता म्हणाली. अ‍ॅपचा सगळा कारभार तिच्याकडे. "उगीच एक्स्ट्रा कुछ नहीं."

ऑर्डर गोलूच्या नावाने आली होती. गोलू इथला, धारचाच, टॅक्सी चालवायचा. जेवायचं मात्र त्याला नव्हतं. ऋजुताने फोन करून विचारलं तेव्हा उलगडा झाला. लॉजवर उतरलेली हॅना नावाची परदेशी मुलगी सकाळपासून अ‍ॅपशी झटापट करत होती. तिचं कार्ड अ‍ॅप घेईना, ओटीपी तिच्या देशातल्या नंबरवर पोचेना. शेवटी तिने आपल्या ड्रायव्हरच्याच मोबाइलवरून जेवण मागवलं. डबा घ्यायचा आणि मांडूला जाऊन झाडाखाली बसून खायचा, असा तिचा बेत. वैशाखात मांडू बघायला निघणारी ती एकटीच म्हणायची. ऑर्डरखाली एक सूचना होती, कुठल्याशा यंत्राने हिंदीत आणलेली: मूंगफली बिल्कुल नहीं, मैं मर सकती हूँ।

मरू शकते, असं कुणी जेवणाबरोबर लिहितं का? बाईंनी शेंगदाणा तेलाचा डबा फडताळात कोंडला. कढई चिंच लावून घासली, पळी बदलली, फोडणी साजूक तुपाची दिली. दाण्यांची बरणी तर थेट माळ्यावर गेली. एवढं सोवळं त्यांनी सासऱ्यांच्या श्राद्धालाही पाळलं नव्हतं.

आणि आता हा असा अर्धा डबा पाठवायचा?

"ऋजुता, या घरातून डावी बाजू रिकामी ठेवून आजवर पान गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "दारात आलेल्या गोसाव्याचंसुद्धा नाही. पोर कुठून कुठे आलीय. तिचं इथे कोण आहे?"

घरच्यांसाठी सकाळीच केलेली काकडीची कोशिंबीर ओट्यावर झाकून ठेवली होती. त्यातली थोडी त्यांनी छोट्या डबीत भरली. लिंबाची फोड ठेवली, कागदाच्या पुडीत चिमूटभर मीठ बांधलं. मग कुठे त्यांच्या मनाला बरं वाटलं. ऋजुताने कपाळाला हात लावला आणि डबा डिलिव्हरीवाल्याच्या हवाली केला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मांडूहून गोलूचा फोन आला.

"काकू, मॅडम पडल्यात. मी चाय प्यायला गेलो होतो, आलो तर जमिनीवर. जेवण झालेलं दिसतंय. तोंड लालबुंद, घशातून शिट्टीसारखा आवाज येतोय. हाक मारली तरी बोलत नाहीत. त्यांच्या पर्समध्ये पेनासारखी सुई आहे. दाणे पोटात गेले तर मांडीत टोचायची, असं मला शिकवून ठेवलंय. काकू, सच सांगा, दाणे होते का? टोचू का मी?"

चारुलताबाईंना आधी राग आला. एवढं जिवापाड जपून केलं, आणि वर हा प्रश्न. रागाच्या खाली भीती होती, पण तिला त्यांनी वर येऊ दिलं नाही.

"गोलू, कालिकामातेची शपथ घेऊन सांगते, त्या डब्यात दाण्याचा कणसुद्धा नाही. लू लागलीय तिला. असलं ऊन परदेशी लोकांना कुठलं सोसायला? सावलीत निजव, कपाळावर ओला रुमाल ठेव, कांदा हुंगव. आणि भलती सुई टोचू नकोस बाबा. परक्या देशाची पोर, एक करता दुसरंच झालं तर तू जन्मभर निस्तरत बसशील."

"गाडीत घालून धारला आणू?"

"या उन्हात घाट उतरवतोस? शुद्धीवर येऊ दे आधी."

"पक्कं ना काकू?"

"मी माझ्या हाताने केलंय. पक्कं."

गोलूने सुटकेचा श्वास सोडलेला त्यांना फोनवरही ऐकू आला.

बाईंनी देवापुढे हात जोडले, पोरीला बरं कर म्हणून सांगितलं. जीव जरा थाऱ्यावर आला तशी भूक जाणवली. सगळ्या धांदलीत जेवण राहूनच गेलं होतं. त्यांनी आपलं पान वाढून घेतलं. मीठ, लिंबू, कोशिंबीर. मग वरण-भात. आधी कोशिंबिरीची चव बघायची, ही त्यांची जुनी सवय.

घास चावला आणि दाढेखाली काहीतरी कुटकन फुटलं.

दाण्याचं कूट. कोशिंबिरीत कूट घालताना कुणी विचार करतं का? भांड्यात काकडी पडली की हात आपला आपण कुटाकडे जातो. आज सकाळीही गेला होता, ऑर्डर यायच्या कितीतरी आधी. ऑर्डरमधल्या एकेका पदार्थावर त्यांनी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला होता. कोशिंबीर ऑर्डरमध्ये नव्हतीच.

"ऋजुता, गोलूला फोन लाव. आधी फोन लाव."

फोन लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. मांडूच्या त्या पठारावर रेंजचा नेहमीच आनंद. बाई उष्ट्या हाताने सुनेच्या पुढ्यात उभ्या होत्या, तोंडातला घास तसाच होता. अखेर रिंग वाजली. त्यांनी घास हातावर काढला आणि मोबाइल हिसकावून घेतला.

"गोलू," एवढंच त्यांना म्हणता आलं.

"काकू, टेन्शन घेऊ नका," पलीकडून गोलू म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं. "तुमचंच खरं निघालं, लूच होती. सुई मी परत पर्समध्ये ठेवून दिली. आता एकदम शांत झोपल्यात मॅडम. घशातला तो शिट्टीचा आवाजपण बंद झाला."