माल कुणी नेला?

प्लोव्हदिव शहरात रुग्णालयांच्या खरेदी विभागातल्या बायकांचा मेळावा भरला होता, पण झ्लातिनाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या रुग्णालयात डायलिसिसचे फिल्टर जेमतेम सोमवारपर्यंत पुरणार होते. हातातली चीज भरलेली बानित्सा निवून गेली, पण माल पुरवणाऱ्या पेन्कोचा फोन काही येईना. तेवढ्यात शेजारच्या बाईच्या बिल्ल्यावर तिची नजर गेली. नेवेना, हास्कोवो रुग्णालय.

"म्हणजे तुम्हीच त्या! तीनदा आमचे फिल्टर पळवलेत. आमच्या पेशंटांनी काय करायचं?"

नेवेना उसळली. "मी पळवले? अहो, माझंच कपाट रिकामं पडलंय! पेन्को म्हणाला, सगळा माल प्लोव्हदिवच्या झ्लातिनाने उचलला."

"आणि मला तो तुमचं नाव सांगतो!"

पुढच्या रांगेतली एक अनोळखी बाई खुर्ची वळवून त्यांच्याकडे तोंड करून बसली. तिचा चेहरा उतरला होता.

"पेन्को मला म्हणाला, बाकीच्यांकडे भरपूर साठा आहे, तुम्ही बिनधास्त वर्षाचा माल भरून ठेवा. मी भरला." ती पर्स उचलून उभी राहिली. "आमचं गोदाम इथेच आहे, नदीपलीकडे. गाडी कुणी आणलीय?"